कापड कमी आलं

सरांच्या शर्टाला सात खिसे असत. बाहेर दोन, आत चार, आणि डाव्या बाहीच्या दुमडीत खडूसाठी एक चिंचोळा. एवढे खिसे शिवणारं हिंगोलीत आमच्याशिवाय दुसरं दुकान नव्हतं, आणि मागणारं गिऱ्हाईकही दुसरं नव्हतं. आतले चार आणि बाहेरचा डावा हे अर्ध्यामुर्ध्या विचारांचे खिसे; या पाचांना मिळून मी डावे खिसेच म्हणायचो. त्यांत पोस्टकार्डांचे तुकडे, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कडा, बसच्या तिकिटांची मागची बाजू, असं काय काय कोंबलेलं असायचं. बाहेरचा उजवा खिसा मात्र पुऱ्या झालेल्या कामासाठी. "ज्याच्यात आता बदल करायचा न्हाई, ते इथं," असं सर बोटाने दाखवून सांगत.

शर्ट दुरुस्तीला आला की त्यांचं काम कुठवर आलंय ते मला न विचारता कळायचं. डाव्या खिशांची तोंडं विरलेली, कोपरे उसवलेले, शाईचे डाग. आणि उजवा खिसा करकरीत, शिवून दिला त्या दिवसासारखा.

मी मूळचा खेडजवळचा. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच. आत्याचे यजमान एस.टी.त ड्रायव्हर होते, त्यांची बदली हिंगोली डेपोला झाली, आणि हाताला थोडं शिवणकाम आहे म्हणून त्यांनी मलाही सोबत आणलं. वर्षभरात ते परत कोकणात गेले. मी राहिलो, कारण स्टेशन रोडवरच्या दुकानात उस्तादांनी मला कटिंगच्या टेबलाशी उभं केलं होतं आणि गावी माझ्या कात्रीला देण्याएवढं कापड कोणाकडे नव्हतं. सत्तर सालच्या पुढची ती वर्षं. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका. मी चोवीस वर्षांचा घोडा, पण रोज सकाळी दुकानाची फळी काढताना एकच धास्ती असायची, की आज आपल्याकडून काहीतरी बिघडणार आणि उस्ताद म्हणणार, जा बाबा तुझ्या मुलखाला.

उस्ताद निजामाच्या वेळचे कारागीर. मीटर आला तरी ते वारातच मोजत. मला ते कोकण्या म्हणत, आणि दुकानात येणारा प्रत्येक जण, अगदी शाळकरी पोरंसुद्धा, मला अरेतुरे करत. सर पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा म्हणाले, "मास्टर, तुमी कटिंग करता का? मग तुमच्याशीच बोलतो." मी मागे वळून पाहिलं, की हे कोणाला म्हणतायत. मला तुमी म्हणणारे ते पहिले. त्यांच्याविषयी लिहायला बसलो त्याला एवढं एकच कारण असतं तरी मला पुरलं असतं.

सर कॉलेजात गणित शिकवायचे. गाव त्यांचं हट्ट्याच्या अलीकडे, आईवडील दुसऱ्याच्या रानात राबलेले, घराण्यात शाळेचं तोंड पाहिलेले हेच पहिले. हैदराबादेत एम.एस्सी. झाले, तिथेच पुढच्या संशोधनाला बसले, आणि वडील अंथरुणाला खिळले तेव्हा दोन वर्षांत ते अर्धं टाकून परत आले. पुढे वडील वारले. सर हिंगोलीत राहिले. आक्का नावाच्या एका बाईंच्या घरात त्यांची मागची खोली होती. खोलीत एक खाट, बुद्धाची तसबीर आणि कागद. कागदांना वाळवी लागायची, म्हणून ते भिंतीपासून हातभर लांब, जमिनीच्या मधोमध ढिगाने ठेवलेले. माणसाने भिंतीकडेने चालायचं.

बोलण्यात त्यांचा एक प्रश्न ठरलेला. "आधी कोणाचं कोणाशी?"

एकदा उस्तादांनी बातमी दिली, "सर, मोंढ्यात आज तिघांची मारामारी झाली."

"आधी कोणाची कोणाशी?"

"त्यानं काय फरक पडतो? डोकी तर तिघांचीबी फुटली."

"फरक पडतो की. दोघांचं आधी जुंपलं असंल तर तिसरा सोडवायला आला असंल. आन् तिसऱ्यानंच पहिल्याला आधी धरलं असंल तर सोडवायला आलेला दुसरा हाय."

उस्तादांनी सुईत दोरा ओवता ओवता त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी बराबर पोलिसात पाहिजे होते. मास्तरकीत वाया चालले."

आक्कांना ते विचारत, "डाळीत आधी हळद का आधी मीठ?" आक्का म्हणत, "सर, तुमी जेवून राहिले का हिशोब करून राहिले?" आक्कांचं माहेर कुरुंद्याचं. भाऊ हळदीचा शेतकरी. त्यांच्या बाजूच्या एका गावच्या जत्रेला त्या दरसाल जात, आणि एका वर्षी सर आणि मी त्यांच्यासोबत गेलो. सरांच्या डोक्यात काय चाललंय ते मला तिथे कळलं, कुस्तीच्या फडात.

शेवटच्या इनामाला तीन पैलवान उरले होते. पंचांनी दोघांची कुस्ती लावली, जिंकेल त्याची तिसऱ्याशी. सर उठले आणि सरळ पंचांकडे गेले. "ह्या पहिल्यानं दुसऱ्याला मागच्या साली पाडलंय, व्हय ना? दुसऱ्यानं तिसऱ्याला. आन् तिसऱ्यानं पहिल्याला."

पंच म्हणाले, "व्हय. मग?"

"मग पहिल्या-दुसऱ्याची आधी लावली तर इनाम तिसऱ्याला जातंय. दुसऱ्या-तिसऱ्याची आधी लावली तर पहिल्याला. पहिल्या-तिसऱ्याची लावली तर दुसऱ्याला. म्हंजे कुस्ती पैलवान न्हाई, तुमी जिंकून राहिले."

लोक हसले. पंच मिशीवर हात फिरवत म्हणाले, "गुरुजी, लंगोट हाय का? चौथे तुमी उतरा."

सर आनंदाने परत येऊन बसले. अपमान झाल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं. मला म्हणाले, "मास्टर, पाहिलं का? पहिल्याची दुसऱ्याशी म्हना की दुसऱ्याची पहिल्याशी म्हना, कुस्ती एकच. अदलाबदल चालते. पन तिघं झाले की आधी कोणती जोडी लावली ते सोडून चालत न्हाई. माझं गणित ह्याच जातीचं हाय. आकड्यांच्या गुणाकारात ही तकलीफ नसते, म्हणून लोकांना वाटतं कुठंच नसते."

परतीच्या बसमध्ये त्यांनी उरलेलं सांगितलं. आक्का पुढच्या बाकावर झोपल्या होत्या, आणि सर माझ्या कानाशी हळू बोलत होते. समजा काही वस्तू आहेत. कोणत्याही दोन वस्तू एकमेकींशी लावल्या की कोणतीतरी एक वस्तू मिळते, सरळ किंवा उणे, नाहीतर शून्य मिळतं. शून्य म्हणजे काहीच उरलं नाही. आता यातली कोणतीही वस्तू, किंवा दोघीतिघींची मिळून केलेली बेरीज, स्वतःशीच लावत गेलं की, ती स्वतः ही पहिली खेप धरून, चौथ्या खेपेला शून्य होते, असा नियम धरायचा.

"प्रत्येक जण एकटा एकटा मरतोय," सर म्हणाले. "मग सगळे मिळून एकमेकांशी कितीबी लावत गेले, तर शेवटी सगळ्यांचं शून्यच व्हायला पाहिजे, का न्हाई? मला वाटतं व्हायला पाहिजे. ते सिद्ध करायचं अर्धं टाकून मी आलो. हैदराबादचे माझे गुरुजी अजून हयात हाईत. ते म्हणाले, पुरं करून आण, मी तुझं नाव परत लावून घेतो."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की त्यात त्यांचं किती अडकलंय ते मला उतरल्यावर कळलं. आणि खरं सांगायचं तर बसमध्ये मला माझंच भय वाटलं होतं. दुकानामागच्या खोलीत मी एकटा राहायचो, स्वतःशीच बोलायचो. चार खेपांत शून्य, हे वाक्य मी गणित म्हणून ऐकलंच नाही.

जत्रेनंतर पंधराएक दिवसांनी सर दीड मीटर मांजरपाट घेऊन दुकानात आले. त्यांना भिंतीवर टांगायचा एक कापडी तक्ता हवा होता, पत्रं ठेवायला लोक खिशांचं कापड टांगतात तसा. पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच खिसे. पाच वस्तूंचे पाच नंबर. तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या खिशात जी चिठ्ठी, ते तीन आणि दोन एकमेकांशी लावल्याचं उत्तर. चिठ्ठ्या बदलता येतील, कागद फाडावे लागणार नाहीत, आणि वाळवी कापडाला लवकर लागत नाही.

मी कापडावर खडूने आखता आखता विचारलं, "सर, तीन-दोन आणि दोन-तीन सारखंच ना? कुस्तीसारखं?"

"व्हय."

"मग दोन्हीकडे खिसे कशाला? पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन, असे पायऱ्यापायऱ्यांनी शिवू. पंचवीसऐवजी पंधरात भागेल. आपल्याला आपल्याशीच लावायचं ते प्रत्येक ओळीच्या शेवटच्या खिशात."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खडू खाली ठेवला. मग ते उस्तादांकडे वळले. "उस्ताद, माझ्या वर्गातल्या पोरांना हे दोन महिने सांगून राहिलो. तुमच्या मास्टरनं उभ्या उभ्या सांगितलं." त्या संध्याकाळी त्यांनी ते आक्कांना सांगितलं, कॉलेजात सांगितलं, पानवाल्याला सांगितलं.

स्तुती मला सोसली नाही. दुसऱ्या दिवशी मी तरंगतच कात्री चालवली. खिशांच्या पट्ट्या कापताना शिलाईत आणि दुमडीत जाणारं कापड धरायचं असतं, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. मी पट्ट्या तयार मापाच्या कापल्या. दुमडल्यावर खिसा उरला दोन बोटांचा, त्यात पोस्टकार्डाचा तुकडाही बसेना. मग जोड देत देत खिसे मोठे केले, आणि त्या जोडांत पाचव्या ओळीचं कापड संपलं. चार ओळी झाल्या. दहा खिसे.

सर आले. मी तक्ता त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "कापड कमी आलं, सर."

शिंप्याच्या तोंडात हे वाक्य इतकं रुळलेलं असतं की बोलणाऱ्यालाही ते खोटं वाटत नाही. मला वाटलं. उस्ताद मशिनीवर होते, त्यांनी मान वर केली नाही. सरांनी तक्ता उलटून पाहिला, जोडांवरून अंगठा फिरवला.

"बरं," ते म्हणाले. "चार तर चार. चारात जे होतं ते पाचात होणारच."

पुढची चार वर्षं तो तक्ता त्यांच्या खाटेसमोर टांगलेला होता. मी रविवारी जायचो. सर एकेका खिशात चिठ्ठ्या घालत, मला वाचायला लावत, आणि कुठे शून्य येतं ते पाहत. आक्का चहा आणत आणि दारातूनच विचारत, "काय निघालं?"

"शून्य," सर म्हणत.

"कालबी शून्यच होतं की. इतकं शून्य काढून काहून राहिले तुमी? आमच्याकडे न काढताच हाय."

एका रविवारी एक गंमत झाली, ती मला नीट आठवते, कारण पुढे तीच आमच्या गळ्याशी आली. एक आणि दोनच्या खिशात तीन नंबर. एक आणि तीनच्या खिशात चार. दोन आणि चारच्या खिशात परत तीन. बाकी सगळी शून्यं. सर ताठ बसले. "मास्टर, तीन धरा. एकाशी लावा."

"चार."

"चारला दोनशी लावा."

"तीन."

"हे फिरून फिरून येऊन राहिलं. ह्याला शेवट न्हाई." त्यांनी तक्त्यावरचा हात मागे घेतला. पण लगेच ते म्हणाले, "थांबा. आधी नियम पाळतंय का पाहू. एक आन् दोन यांची बेरीज करा, आन् ती बेरीज तिच्याशीच लावत जा. दुप्पट-तिप्पट सोडून द्या, काय उरतं तेवढं सांगा."

मी बोटाने पाहत सांगितलं. आधी तीन, मग चार, मग परत तीन.

"चौथ्या खेपेला शून्य न्हाई झालं. म्हंजे ही बेरीज स्वतःशी मरत न्हाई. मग हे आपल्या जातीचंच न्हाई." त्यांनी चिठ्ठ्या काढून घेतल्या. त्यांना सुटल्यासारखं वाटलेलं मला दिसलं. त्यांना शून्य यायला हवं होतं. शून्यावर त्यांचं हैदराबादला परत जाणं अवलंबून होतं.

चार वस्तूंचं त्यांनी शेवटी पुरं केलं. कशाही लावा, शून्यच येतं, शंकेला जागा नाही. चारवरून पाच, पाचवरून कितीही, ही पायरी बाकी होती. त्या जागी त्यांनी कागदावर एक शब्द लिहून ठेवला होता, ‘याचप्रमाणे’. तो शब्द ते दर आठवड्याला खोडत आणि परत लिहीत. कागद डाव्या खिशातच राहिला.

मग गुरुजींचं पत्र आलं. मी त्या दिवशी दुरुस्त केलेला शर्ट पोचवायला गेलो होतो. दुपारचं ऊन, आक्का अंगणात शिजवलेली हळद पसरत होत्या, आणि सर ओट्यावर पत्र हातात घेऊन बसले होते. चेहरा नेहमीसारखाच.

"मास्टर, खोटं निघालं," ते म्हणाले.

"काय खोटं?"

"माझं. परदेशात एका मानसानं उदाहरण काढलंय. एकटे एकटे सगळे मरतात, पन मिळून मरत न्हाईत. छापून चार वर्षं झाली. गुरुजींना आत्ता समजलं." पत्राची घडी करत ते म्हणाले, "पाच वस्तूंचं हाय."

आक्का हातातलं सूप तसंच धरून उभ्या राहिल्या. मी शर्ट ओट्यावर ठेवला. पाच हा शब्द ऐकल्यावर मला दुसरं काही ऐकू आलं नाही.

सर आत गेले. तक्ता भिंतीवरून काढून खाटेवर पसरला. पत्रात पाहून एकेक चिठ्ठी घालू लागले. एक-दोनमध्ये तीन. एक-तीनमध्ये चार. दोन-चारमध्ये तीन. मी ओळखलं. ही तीच चिठ्ठ्यांची मांडणी, त्या रविवारची.

"आता दोन-तीनच्या खिशात पाच," सर म्हणाले. "मागं आपन तिथं शून्य ठेवलं होतं, पाच नंबर आपल्याकडं नव्हताच. आन् एक-पाचमध्ये उणे तीन." एक-पाचचा खिसा नव्हता. त्यांनी ती चिठ्ठी तक्त्याखाली, चादरीवर ठेवली. "सांगा. एक आन् दोन यांची बेरीज, स्वतःशीच."

मी बोट फिरवलं. "तीन. मग… चार आणि पाच, दोन्ही. मग चारकडून तीन. आणि पाचकडून…"

"उणे तीन."

"तीन आणि उणे तीन. गेलं, सर."

"चौथ्या खेपेला गेलं. दुसऱ्याबी बेरजा गुरुजींनी तपासल्यात, सगळ्या जातात. आता तीन धरा. एकाशी लावा."

"चार."

"दोनशी."

"तीन."

"एकाशी."

"चार." आम्ही किती वेळ तसे म्हणत राहिलो कोण जाणे. सर विचारत होते आणि मी सांगत होतो. बाहेर आक्कांचा हळद फिरवायचा आवाज थांबला होता. शेवटी सर म्हणाले, "संपतंय का?"

"नाही संपत, सर."

"न्हाई संपत," ते म्हणाले, आणि खाटेच्या काठावर बसले.

मला राहवलं नाही. चादरीवरच्या त्या चिठ्ठीकडे बघत मी बोललो. "सर, कापड कमी आलं नव्हतं. तुम्ही पुरेसं आणलं होतं. मी पट्ट्या कापताना शिलाईतलं धरायला विसरलो, आणि भीतीने खोटं बोललो. पाचवी ओळ असती तर ही चिठ्ठी तुम्ही घातली असती. एका खिशाने हुकलं तुमचं. तुमची चार वर्षं माझ्या कात्रीने गेली."

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्या गळ्यातली टेप हळूच काढून घेतली, तक्त्यावर लावली, जोड मोजले, दुमडी मोजल्या, ओठात पुटपुटत बेरीज केली.

"दीड मीटर भरतंय," ते म्हणाले. "त्या दिवशीबी भरलं होतं. दुकानातून आल्यावर मी मोजलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी लई घाबरलेले होते. आन्…" त्यांनी टेप गुंडाळून खाटेवर ठेवली. "मास्टर, कागदावर मला पाच मांडता आले नसते का? पन्नास मांडता आले असते. मला कोणी धरलं होतं? पाचाला हात लावायचं मलाच भ्याव वाटत होतं. काही वेगळंच निघालं तर हैदराबाद गेलं. तुमी म्हनाले कापड कमी आलं, आन् मला बरं वाटलं. कारण मिळालं. तुमी एक दिवस खोटं बोलले. मी चार वर्षं ते वापरलं."

आक्का दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना यातलं काय कळलं माहीत नाही. त्या म्हणाल्या, "आता रडू नका दोघंबी. चहा टाकते."

"रडून कोण राहिलंय," सर म्हणाले. मग डाव्या खिशातून त्यांनी ते कागद काढले, शेवटचं पान वर घेतलं आणि ‘याचप्रमाणे’ या शब्दावर एक रेघ मारली. त्याच्या खालचं सगळंही खोडलं. वरचं राहू दिलं. बराच वेळ ते वरचं वाचत राहिले.

"सगळंच खोटं न्हाई," ते म्हणाले. "चारापर्यंत खरं हाय. तुमच्या कापडाएवढं माझं खरं निघालं."

पाचवी पट्टी मी त्याच आठवड्यात शिवली. मांजरपाट तसा मिळाला नाही, म्हणून ड्रायव्हरच्या गणवेशाच्या खाकीतली लावली. पांढऱ्या तक्त्याला खाली खाकी काठ. माप दोनदा घेतलं, कापायच्या आधी उस्तादांना दाखवलं. उस्ताद म्हणाले, "तवा दाखवलं असतं तर?" म्हणजे त्यांनाही तेव्हाच कळलं होतं. माझं खोटं सगळ्यांना कळलंय, हे न कळलेला मी एकटाच होतो. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते म्हणाले, "कोकण्या, हात थरथरून राहिलेल्या माणसाला मी काहून बोलू? कात्री पायावर पडली असती तुझ्या."

त्या पाच नव्या खिशांतल्या चारांत शून्य, एकात उणे तीन. तेवढ्या एका चिठ्ठीसाठी पाच खिसे शिवले, आणि ते शिवताना मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही.

मे महिन्यात सर हैदराबादला गेले. चार वस्तूंपुरतं चौदा पानांत स्वच्छ लिहून, तक्ता गुंडाळून काखोटीला मारून. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. गाडी हलली तेव्हा ते खिडकीतून ओरडले, पण ऐकू आलं नाही. जूनमध्ये परत आले. तक्ता गुरुजींनी ठेवून घेतला होता, दुसऱ्या विद्यार्थ्यांना दाखवायला. नाव परत लागलं का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. ते कॉलेजात शिकवत राहिले, आक्कांच्या मागच्या खोलीतच राहिले, आणि मोंढ्यातल्या भांडणात आधी कोणाचं कोणाशी ते विचारत राहिले. मी रविवारी जायचो. तक्ता नव्हता, तर आम्ही नुसते बसायचो. दुकानामागच्या खोलीत स्वतःशी बोलायचं मी केव्हा थांबवलं ते मला आठवत नाही.

जुलैत त्यांचा शर्ट दुरुस्तीला आला. मी सवयीने डावे खिसे आधी पाहिले. विरलेले, शाईने माखलेले, नेहमीचे. मग उजवा. मी तो उजेडाकडे धरला. चौदा पानं घालून काढून, घालून काढून, त्याचा खालचा कोपरा उसवला होता.

"काहून रे," उस्ताद मशिनीवरून म्हणाले, "एका खिशाला किती वेळ बघून राहिला?"

मी कोपरा पुरता उसवून काढला, आतून एक पट्टी लावली, तिच्यात शिलाईत जाणारं कापड चांगलं बोटभर सोडलं, आणि दुहेरी टीप मारली.